धांवत्या क्षणाचा चित्रकार : एडवर्ड मायब्रिज

आमच्या वार्षिक अंकांत दर वर्षीं खेळाडूंच्या संघांचीं छायाचित्रें येतात. मधोमध जिंकलेली ढाल, तिच्या दोन्ही बाजूंस खुर्च्यांवर बसलेले गुरुजन आणि मागें छातीवर हात बांधून उभे असलेले खेळाडू, ही त्या चित्राची ठरलेली रचना होय. त्याच अंकाचें पान उलटलें कीं उंच उडी घेणारा एखादा विद्यार्थी हवेंत अधांतरीं दिसतो. पहिल्या चित्राचें आम्हांस नवल वाटत नाहीं. दुसऱ्याचेंही आतां वाटेनासें झालें आहे. परंतु एक काळ असा होता कीं, पहिलें चित्र काढणें शक्य होतें व दुसरें अशक्य होतें. तें अशक्य कोटींतील कार्य ज्यानें शक्य करून दाखविलें, त्या एडवर्ड मायब्रिजचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. हें चरित्र सर्वस्वीं अनुकरणीय आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांत एक मोठा काळा डाग आहे, आणि तो झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

लंडनजवळ थेम्स नदीच्या कांठीं किंग्स्टन नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथें ता. ९ एप्रिल १८३० रोजीं या पुरुषाचा जन्म झाला. त्याचें मूळ नांव एडवर्ड जेम्स मगरिज. बाप धान्याचा व कोळशाचा व्यापार करीत असे. मुलगा तेरा वर्षांचा होतो न होतो तोंच तो वारला. प्राचीन सॅक्सन राजांचा राज्याभिषेक ज्या शिळेवर होत असे अशी समजूत आहे, ती शिळा १८५० सालीं किंग्स्टन येथें समारंभपूर्वक बसविण्यांत आली, आणि तिच्या चौथऱ्यावर त्या राजांचीं नांवें जुन्या वळणानें कोरण्यांत आलीं. पुढें मगरिजनें आपल्या एडवर्ड या नांवाचें लेखन त्या जुन्या वळणाप्रमाणें केलें, आणि आडनांव बदलत बदलत मायब्रिज असें करून घेतलें.

वयाच्या विशीच्या सुमारास तो नशीब काढण्यासाठीं अमेरिकेस गेला, आणि कांहीं वर्षांनीं पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरीं पुस्तकविक्रेता म्हणून स्थायिक झाला. १८६० च्या जुलै महिन्यांत तो घोड्यांच्या टपालगाडींतून पूर्वेकडे प्रवासास निघाला. टेक्सस प्रांतांत गाडीचे घोडे उधळले, गाडी आदळून मोडली, आणि बाहेर फेंकल्या गेलेल्या मायब्रिजच्या डोक्यास जबर दुखापत झाली. कित्येक दिवस त्याला एका वस्तूच्या दोन वस्तु दिसत; वास आणि चव हीं तर नाहींशींच झालीं होतीं. उपचारासाठीं तो इंग्लंडांत परत गेला. ज्याच्या प्राणांवर उधळलेल्या घोड्यांनीं घाला घातला, त्यानेंच पुढें घोड्याच्या पावलापावलाचा हिशेब जगाला द्यावा, हा योग विलक्षण खरा!

१८६७ सालीं तो सॅन फ्रान्सिस्कोस परतला तो छायाचित्रकार होऊनच. ग्रीक लोकांच्या सूर्यदेवाचें हेलिओस हें नांव त्यानें आपल्या चित्रांवर घालण्यास सुरुवात केली. योसेमिटी येथील कडे, धबधबे आणि उंच वृक्ष यांचीं त्यानें काढलेलीं चित्रें लोकांस फार आवडलीं. त्या काळच्या कांचांवर निळ्या रंगाचा परिणाम फार लवकर होई. त्यामुळें जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरें फटफटीत होऊन जाई आणि ढगांचा मागमूस राहत नसे. मायब्रिजनें आकाशाच्या भागावर प्रकाश कमी पडेल अशी एक झडप तयार केली, आणि जमीन व ढग हीं दोन्ही एकाच कांचेवर उतरविलीं. प्रकाशाशीं युक्तीनें वागलें पाहिजे, हा धडा त्याला येथें मिळाला. तो पुढें फार उपयोगी पडला.

आतां त्या काळच्या छायालेखनाची अडचण काय होती, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कांचेवर कलोडियन नांवाचें चिकट द्रव्य पसरून, तिला रुप्याच्या क्षारांत बुडवून, ती ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालावी लागे, आणि वाळण्यापूर्वींच अंधाऱ्या खोलींत नेऊन धुवावी लागे. अशा कांचेवर चित्र उमटण्यास साधारणतः कांहीं सेकंद लागत. माणूस तेवढा वेळ स्तब्ध बसूं शके. धांवणारा घोडा बसत नाहीं. शर्यतीच्या मैदानावर तर सगळेंच प्रतिकूल. टापांनीं उडालेली धूळ, पिंगट जमीन, काळेभोर कठडे, त्यांच्यामागें दाटलेली प्रेक्षकांची गर्दी, आणि या सर्वांतून बाणासारखा निघून जाणारा तपकिरी घोडा! डोळ्याला जें दृश्य उत्साहानें भरून टाकी, तें कांचेवर पुसट डागापलीकडे उमटत नसे. म्हणूनच त्या काळच्या खेळाडूंचीं छायाचित्रें पाहिलीं तर ते हातांत बॅट किंवा हातमोजे घेऊन छायाचित्रकाराच्या दालनांत पुतळ्यासारखे उभे आहेत असें दिसतें. खेळ दाखविणें हें काम चित्रकारांकडे होतें. आणि चित्रकार शर्यतीचा घोडा काढतांना त्याचे पुढचे पाय पुढें व मागचे मागें लांब ताणून, त्याला हवेंत पसरलेला दाखवीत. फ्रेंच चित्रकार जेरिको यानें १८२१ सालीं रंगविलेली एप्सम येथील शर्यत याच थाटाची आहे. घोडा तसा धांवतो कीं नाहीं, हें कोणासही ठाऊक नव्हतें.

लीलंड स्टॅनफर्ड हा कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, आगगाडीच्या मोठ्या कंपनीचा अध्यक्ष आणि उत्तम घोड्यांचा शोकी होता. दुडक्या चालीनें धांवणाऱ्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणीं जमिनीपासून सुटतात कीं नाहीं, असा वाद त्या वेळीं चालला होता. यासंबंधीं स्टॅनफर्डनें २५,००० डॉलरांची पैज लावली होती अशी कथा प्रसिद्ध आहे. पण तिला त्या काळचा कांहींच पुरावा नाहीं. एवढें खरें कीं, १८७२ सालीं त्यानें मायब्रिजला बोलावून आपल्या ऑक्सिडेंट नांवाच्या नामांकित घोड्याचें धांवतांना छायाचित्र काढण्यास सांगितलें.

हा प्रयोग सॅक्रामेंटो येथें झाला. १८७३ च्या एप्रिलांत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रानें त्याची हकीकत दिली. तीवरून असें दिसतें कीं, पाठीमागें पांढरी भूमि हवी म्हणून तबेल्याच्या आसपास मिळतील तेवढ्या चादरी गोळा करून टांगण्यांत आल्या. घोडा त्या पाहून बुजूं लागला; तेव्हां त्यांच्यासमोरून न बिचकतां जाण्याची त्याला संवय करावी लागली. सेकंदास ३८ फूट या वेगानें तो जात होता. पहिल्या दिवशीं कांचेवर कांहींच उमटलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं नुसती सावली उमटली. तिसऱ्या दिवशीं मायब्रिजनें दोन फळ्या कमानीच्या जोरानें एकमेकींवरून सरकतील आणि सेकंदाच्या पांचशेंव्या भागापुरतीच त्यांच्यांत फट राहील अशी योजना केली, आणि घोड्याची आकृति मिळाली. ती अंधुक होती. तरी चारही पाय अधांतरीं असल्याचें तीवरून दिसलें असें सांगतात.

या यशानंतर त्याच्या आयुष्यांतील काळें प्रकरण घडलें. त्यानें फ्लोरा नांवाच्या तरुण स्त्रीशीं विवाह केला होता, आणि १८७४ च्या एप्रिलांत त्यांस मुलगा झाला होता. हॅरी लार्किन्स नांवाच्या गृहस्थाशीं आपल्या पत्नीचे अनुचित संबंध आहेत असें मायब्रिजला कळून आलें. ता. १७ ऑक्टोबर १८७४ रोजीं तो आगबोटीनें व आगगाडीनें कॅलिस्टोगापर्यंत गेला, रात्रीं त्या माणसाच्या दारीं जाऊन त्यानें त्याला बाहेर बोलाविलें, आणि गोळी घालून ठार केलें. १८७५ च्या फेब्रुवारींत नापा येथें खटला चालला. डोक्याच्या जुन्या दुखापतीमुळें आरोपीची बुद्धि ठिकाणावर नाहीं असा बचाव त्याच्या वकिलांनीं केला. पंचांनीं तो मानला नाहीं. पण अशा प्रसंगीं पतीनें असेंच करावें अशी त्या प्रांतांतील समजूत असल्यामुळें, कायद्याकडे पाठ फिरवून त्यांनीं त्याला निर्दोषी सोडलें. कायद्यानें सुटलेला मनुष्य आपल्या कृत्याच्या फळांतून सुटतोच असें नाहीं. मायब्रिज मध्य अमेरिकेंत निघून गेला असतां त्याच वर्षीं फ्लोरा वारली, आणि ते अर्भक अनाथालयांत वाढलें. ग्वाटेमालांतील कॉफीच्या मळ्यांचीं व प्राचीन शहरांचीं सुंदर चित्रें घेऊन मायब्रिज परत आला. पण बापाची माया त्या मुलाला कधीं लाभली नाहीं. तो पुढें मळ्यांतून व बागांतून मजुरी करून राहिला.

१८७७ सालीं मायब्रिजनें ऑक्सिडेंट घोड्याचें एक नवें चित्र वृत्तपत्रांकडे पाठविलें. तें पाहून जाणत्या लोकांस शंका आली, आणि ती अगदींच निराधार नव्हती. कारण तें मूळ छायाचित्र नसून, त्यावरून हातानें रंगविलेल्या चित्राचें छायाचित्र होतें. आपल्या शब्दावर लोकांनीं विश्वास ठेवावा असें वाटत असेल, तर त्यांच्या डोळ्यांदेखत काम करून दाखविलें पाहिजे, हें मायब्रिजला कळून चुकलें. स्टॅनफर्डनें सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस पालो आल्टो येथें घोड्यांचें मोठें कुरण घेतलें होतें. तेथें त्याच्याच पैशानें एक अपूर्व मैदान तयार झालें.

हें मैदान कसें होतें, तें आमच्या वाचकांनीं मन लावून पाहावें. धांवपट्टीच्या एका बाजूस लांबलचक छपरी होती, आणि तींत १२ कॅमेरे एका ओळींत मांडले होते. समोरच्या बाजूस पांढरा शुभ्र उंच पडदा उभारला होता. त्यावर समान अंतरावर उभ्या रेघा काढून त्यांस अनुक्रमांक दिले होते. जमिनीवर चुन्याची भुकटी पसरून तिलाही पांढरें केलें होतें. कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यांतील निरभ्र आकाशांतून पडणारें ऊन त्या पडद्यावरून व जमिनीवरून उसळून भिंगांत शिरे. प्रत्येक कॅमेऱ्याच्या झडपा विजेच्या योगानें सुटत. ही विजेची योजना रेल्वे कंपनीचा तरुण इंजिनिअर जॉन आयझॅक्स याच्या साहाय्यानें झाली होती. दुडकी चालणाऱ्या घोड्याच्या मागें दोन चाकांची हलकी गाडी असे. तिचें चाक जमिनीवरील तारांवरून जातांच एकामागून एक झडपा सुटत. भरधांव धांवणाऱ्या घोड्यासाठीं वाटेंत आडवे दोरे ताणीत, आणि ते घोड्याच्या छातीनें तुटत.

ता. १५ जून १८७८ रोजीं वृत्तपत्रांचे बातमीदार व घोड्यांचे शोकी यांस बोलावून हा प्रयोग करण्यांत आला. प्रथम एब एजिंग्टन नांवाचा घोडा गाडीसह दुडकी चालीनें गेला. नंतर सॅली गार्डनर ही घोडी स्वारासह भरधांव सोडण्यांत आली. दोरे तुटूं लागतांच ती बिचकली, तिनें एकदम उसळी घेतली, आणि खोगिराचा तंग तुटला. थोड्याच वेळांत कांचा धुवून बाहेर आणल्या. पाहतात तों त्या तुटलेल्या तंगाचें टोंकही चित्रांत उमटलेलें! हें कांहीं कोणी आधीं रंगवून ठेवलेलें असणें शक्य नव्हतें. संशय घेणारांचीं तोंडें बंद झालीं. घोडीचे चारही पाय एका क्षणीं जमिनीवरून सुटलेले होते. पण चित्रकार दाखवीत तसे ते ताणलेले नव्हते, तर पोटाखालीं गोळा झालेले होते. शेंकडों वर्षें ज्या थाटाला लोकांनीं धांव म्हणून मान दिला, तो थाट घोड्यानें कधीं घेतलाच नव्हता.

या चित्रांचें रूप कसें आहे? शुभ्र भूमीवर काळीभोर घोडी आणि काळा स्वार. जणूं कागद कातरून चिकटविलेल्या आकृति. तिचे केंस, स्वाराचा चेहरा, कांहींएक दिसत नाहीं. पण पायांची ठेवण स्पष्ट दिसते. सॅली गार्डनरच्या छापील पत्रावर मायब्रिजनें उभ्या रेघांतील अंतर २७ इंच, आडव्या रेघांतील ४ इंच, आणि प्रत्येक चित्रास लागलेला वेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून कमी असें नमूद केलें आहे. पुष्कळांस वाटतें कीं, हें काळें-पांढरें रूप छायाचित्रकाराची आवड असावी. आमच्या मतें तें रूप मैदानानें दिलेलें आहे. एवढ्या अल्प वेळांत त्या ओल्या कांचेवर घोड्याच्या अंगाचे बारकावे उमटणें अशक्य होतें; उमटूं शकत होता तो त्याच्या मागचा झगझगीत प्रकाश, आणि त्या प्रकाशाला घोड्यानें केलेला अडथळा. म्हणून मायब्रिजनें प्रेक्षक दूर केले, कठडे दूर केले, माती झांकली. शर्यतीचा सगळा गजबजाट त्यानें मैदानाबाहेर घालविला, तेव्हां शर्यतीचें सत्य त्याच्या हातीं आलें. त्याची किंमतही त्याला द्यावी लागली. कारण शर्यतीची शोभा ज्या कोलाहलांत असते, तो त्या चित्रांत नाहीं. सत्याचा एक अंश हवा असेल तर दुसरा कांहीं काळ सोडावा लागतो, हें शास्त्रज्ञांस ठाऊक असलेलें तत्त्व येथें एका छायाचित्रकारानें आचरिलें.

१८७९ सालीं कॅमेऱ्यांची संख्या २४ झाली. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबाचे व्यायामपटु पालो आल्टोस आले, आणि धांवणें, उडी मारणें, कोलांटी घेणें, कुस्ती, मुष्टियुद्ध व तलवारीचे हात यांचीं चित्रें त्याच मैदानावर घेण्यांत आलीं. पांच कॅमेरे अर्धवर्तुळांत मांडून एकच क्षण पांच बाजूंनीं टिपण्याची युक्तिही त्यानें येथेंच केली. धांवत्या खेळाडूच्या छायाचित्राचा आरंभ येथूनच झाला असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं. त्याच वर्षीं त्यानें एक यंत्र बनविलें. कांचेच्या तबकडीवर काढलेल्या या आकृति तें फिरवून पडद्यावर पाडी, आणि घोडा पुन्हां धांवूं लागे. चलच्चित्रपटाच्या पूर्वजांत या यंत्राची गणना होते.

पुढें कीर्ति आली आणि तिच्यामागून अपमानही आला. १८८१ सालीं पॅरिसमध्यें शास्त्रज्ञ मारे व चित्रकार मेसोनिये यांनीं त्याचा सत्कार केला. १८८२ च्या मार्चांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें युवराजासमोर त्याचें व्याख्यान झालें. रॉयल सोसायटीनेंही त्याच्याकडून निबंध मागविला होता. इतक्यांत स्टॅनफर्डच्या आश्रयानें घोड्याच्या गतीवरील एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आंत मायब्रिजच्या चित्रांवरून काढलेल्या आकृति होत्या. मुखपृष्ठावर नांव डॉक्टर स्टिलमन यांचें होतें. हा कोण केवळ पगारी छायाचित्रकार, असा समज होऊन सोसायटीनें निबंध परत केला. मायब्रिजनें स्टॅनफर्डवर फिर्याद केली, पण तींत त्याला यश आलें नाहीं. ज्यानें मैदान दिलें त्याचें श्रेय खरें, पण ज्यानें त्या मैदानावर दृष्टि लावली त्याचें श्रेय त्याहून कमी कसें मानावें?

तो खचला नाहीं. १८८४ पासून पेन्सिल्व्हानिया विश्वविद्यालयाच्या आश्रयानें त्यानें फिलाडेल्फिया येथें काम पुन्हां आरंभिलें. आतां कोरड्या जिलेटिनच्या कांचा निघाल्या होत्या. त्या ओल्या कांचांपेक्षां पुष्कळ अधिक प्रकाशग्राही होत्या. यामुळें मैदानाचें रूप पार उलटलें. पांढऱ्या पडद्याच्या जागीं काळ्या रंगाची छपरी आली, आणि तिच्या मागच्या भिंतीवर पांढऱ्या दोऱ्यांचे पांच सेंटिमीटरांचे चौकोन आले. या काळ्या भूमीवर उन्हांत उभा असलेला खेळाडू उजळून दिसे. पालो आल्टोच्या चित्रांत घोडा ही नुसती सावली होती. येथें धांवणाराच्या पोटरीचा प्रत्येक स्नायु मोजतां येतो. क्रिकेटचा चेंडू फेंकणारे व टोलविणारे, बेसबॉल खेळणारे, कुस्तीगीर, उड्या मारणारे, असे किती तरी खेळाडू त्या छपरीपुढें आले. १८८७ सालीं या श्रमाचें फळ ७८१ पत्रांच्या प्रचंड संग्रहाच्या रूपानें प्रसिद्ध झालें; त्यांत २०,००० हून अधिक आकृति आहेत. येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. पुढील काळांतील अभ्यासकांनीं हीं पत्रें तपासलीं, तेव्हां त्यांतील पुष्कळ पत्रांत चित्रांचा क्रम बदललेला किंवा राहिलेल्या जागीं दुसरें चित्र बसविलेलें आढळलें. डोळ्याला गति सुरळीत दिसावी हा मोह सत्याच्या या उपासकालाही आवरला नाहीं.

१८९३ सालीं शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत त्यानें आपलीं चलच्चित्रें स्वतंत्र मंडपांत दाखविलीं. त्यानंतर तो आपल्या जन्मगांवीं, किंग्स्टन येथें परतला. पशूंच्या व मनुष्यांच्या गतीवरील दोन ग्रंथ १८९९ व १९०१ सालीं प्रसिद्ध करून, ता. ८ मे १९०४ रोजीं तो मरण पावला. आपलें यंत्र व चित्रें त्यानें गांवच्या संग्रहालयास ठेवलीं. ज्यानें आपलें नांव इतक्या हौसेनें जुन्या शिळेवरून घडविलें, त्याच्या समाधीच्या दगडावर आडनांव चुकीचें कोरलें गेलें! पालो आल्टोच्या त्या कुरणावर १८९१ सालीं विद्यालय उघडलें. स्टॅनफर्डचा एकुलता एक मुलगा लहान वयांत वारला. त्याच्या स्मरणार्थ बापानें तें स्थापिलें, आणि तें आज जगप्रसिद्ध विश्वविद्यालय आहे.

या चरित्रापासून काय घ्यावें? एक तर, दृश्य जसें दिसतें तसें असतेंच असें नाहीं. शेंकडों चित्रकारांनीं पाहिलेला घोडा एका चिकाटीच्या माणसानें प्रथम खऱ्या अर्थानें पाहिला. दुसरें, सत्य पकडण्यास नुसता चांगला डोळा पुरत नाहीं. त्यासाठीं जमीन, प्रकाश व पार्श्वभूमि तयार करण्याचे कष्ट घ्यावे लागतात. चादरी मागून आणण्यापर्यंत ज्यानें कमीपणा मानला नाहीं, त्यालाच तें सांपडलें. आणि तिसरें सर्वांत कठीण. सेकंदाचे दोन हजार भाग करणाऱ्या या मनुष्याला, रागाच्या भरांत कॅलिस्टोगाच्या वाटेवर कितीतरी तास मिळाले होते. त्यांतील एकही क्षण तो थांबूं शकला नाहीं. एका माणसाचा प्राण गेला, आणि एका निरपराध बालकाचें घर मोडलें. ईश्वर मनुष्याला बुद्धि देतो, पण त्या बुद्धीचा लगाम मनुष्याच्या हातीं ठेवतो.

पुढील वर्षीं क्रीडादिनीं आमच्या मैदानावर कोणी विद्यार्थी कॅमेरा घेऊन उभा राहिला, तर त्यानें झडप दाबण्यापूर्वीं खेळाडूच्या मागें काय आहे, ऊन कोणत्या बाजूचें आहे, जमीन उजळ आहे कीं काळी, हें घटकाभर पाहावें. त्याच्या चित्राचें अर्धें रूप तेथेंच ठरलेलें त्याला आढळेल. उरलेलें अर्धें मात्र त्याच्या धीरावर अवलंबून राहील.